केनियातल्या खेड्यांत हातपंप दुरुस्ती शिकवताना: अनुभव, चुका आणि थोडी मदत हवी आहे

सोलापूरचा_पंपवाला (नैरोबी)

नमस्कार मंडळी,

इतकी वर्षं इथे वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. मी मूळचा सोलापूरचा. २०११ पासून नैरोबीत आहे. पंप बसवणं आणि दुरुस्त करणं हाच धंदा. गेली तीन वर्षं महिन्यातला एक शनिवार-रविवार मी मकुएनी आणि किटुई भागातल्या खेड्यांत घालवतो. सुरुवातीला एकटाच जायचो. आता सहा जण आहोत: चौघे मराठी, नैरोबीतच जन्मलेली एक गुजराती ताई आणि एक कांबा तरुण. हा तरुण आठ वर्षं दुबईत एसी दुरुस्तीचं काम करून परत आलाय. त्याच्याबद्दल पुढे लिहितो, कारण आमच्यात सगळ्यांत जास्त उपयोग त्याचाच होतो.

हा सगळा पट्टा म्हणजे उकांबानी, कांबा लोकांचा प्रदेश. नैरोबीहून मोम्बासा रस्त्याने दोन-अडीच तास. वर्षात दोन पावसाळे, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. लोकांचा भरवसा दुसऱ्यावर जास्त. दोन्ही हुकले की हाल कुत्रं खात नाही. पिकं म्हणजे मका, तूर, मूग, चवळी, ज्वारी. पहिल्यांदा गेलो तेव्हा एका घराच्या भिंतीशी तुराट्यांचा भारा रचलेला दिसला आणि मी गाडी थांबवून पाहतच राहिलो. आजीच्या चुलीपाशी अगदी असाच भारा असायचा.

त्याच गावातला हातपंप चौदा महिने बंद होता. बायका तीन किलोमीटरवरच्या कोरड्या नदीपात्रात झिरे उकरून वीस लिटरचे पिवळे कॅन भरून आणत होत्या. कॅनचा पट्टा कपाळाला लावून, पाठीवर. मी पंप उघडला. आफ्रीडेव्ह जातीचा, केनियात हाच सर्रास दिसतो. आतलं यू-सील, म्हणजे दट्ट्याचं रबरी सील, झिजलं होतं आणि दांड्याच्या टेकूतले प्लास्टिकचे बुश संपले होते. दोन्ही वस्तू माझ्या पेटीत होत्या. पाऊण तासात पाणी आलं. बायकांनी गाणी म्हटली, मला कोंबडी खाऊ घातली, मी भारावून घरी आलो.

चार महिन्यांनी त्या रस्त्याने जाताना सहज वळलो. पंप पुन्हा बंद. या खेपेला नुसता एक नट सैल होऊन दांड्याची पिन निसटली होती. गावात १९ नंबरचा पाना नव्हता. ‘मुहिंदी (भारतीय माणूस) येईल आणि करेल’ म्हणून सगळे थांबले होते. मला फोन करायला नंबरही कुणाकडे नव्हता, कारण मी तो दिलाच नव्हता.

मला मनापासून वाईट वाटलं. आफ्रीडेव्ह बनवलाच मुळी गावातल्या माणसाने दुरुस्त करावा म्हणून. १९८० च्या दशकात मलावी आणि केनियात तो घडला तेव्हा अटच ही होती. जवळजवळ सगळं एकाच पान्याने उघडतं, सळ्या आकड्यात आकडा अडकवून जोडलेल्या असतात, दट्ट्या आणि तळाचा व्हॉल्व्ह पाइप न काढता वर ओढून घेता येतो. एवढा विचार करून बनवलेल्या यंत्रावर मी एका दुपारच्या हुशारीने पाणी फिरवलं होतं.

तेव्हापासून गावात मी पंपाला हात लावत नाही. हात मागे बांधून उभा राहतो. फार अवघड जातं, पण पाळतो. आधी दोन तरणी पोरं निवडून शिकवली. एक वर्षाच्या आत एक मोम्बासाला गेला, दुसरा नैरोबीला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, हातात कसब आलं तर माणूस पोटामागे जाणारच. मग बायकांना शिकवायला घेतलं. त्या गाव सोडून जात नाहीत आणि पंप बंद पडला तर पायपीट त्यांचीच. इथे बायकांचे ‘चामा’ असतात, म्हणजे आपले बचत गटच. त्या चामातल्या पाच जणी आता पंप पूर्ण उघडून परत बसवतात. वर्षातून एकदा पंप चांगला असला तरी यू-सील आणि बुश बदलायचे, हे त्यांनीच ठरवलंय.

एक गोष्ट मला इथे लिहायचीच आहे. आफ्रिकेत, विशेषतः युगांडात, जो इंडिया मार्क टू पंप हजारोंनी दिसतो, त्याचं मूळ आपल्याकडचं आहे. १९६० च्या दशकात भारतातल्या दुष्काळी भागात बोअर पडले, पण त्यांवर बसवलेले बिडाचे पंप टिकेनात. ते एका कुटुंबाच्या अंगणासाठी होते आणि तिथे पूर्ण गाव दिवसभर दांडा हलवत होतं. तेव्हा जालन्याच्या मिशनच्या कार्यशाळेत लोखंडी पत्र्याचा, एकाच टेकूवर फिरणारा पंप तयार झाला. पुढे आमच्या सोलापुरात त्यात बंद बेअरिंग आणि साखळी आली. त्या सोलापूर पंपावरूनच १९७० च्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकारने मार्क टू घडवला. मी हे चामातल्या बायकांना सांगितलं तेव्हा एकीने विचारलं, "मग तुमच्या गावात तो कोण दुरुस्त करतं?" मला लगेच उत्तर देता आलं नाही.

आता प्रश्न. सुटे भाग गावाजवळ कसे ठेवावेत? इथे नद्यांवर वाळूचे बंधारे घालतात, त्यांबद्दल कुणाला जास्त माहिती आहे का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बायका आता पाण्याबद्दल कमी आणि तुरीच्या भावाबद्दल जास्त विचारतात. त्यात मला काहीच कळत नाही. कुणीतरी सांगा.

---

शेतकरी_पुत्र (बीड)

दादा, लेख मनापासून आवडला. पण एक विचारतो, राग मानू नका. आमच्याकडे एप्रिल उजाडला की टँकर सुरू होतो. हातपंप गंजून उभे आहेत. तुमच्यासारखा कसबी माणूस तिकडे राबतो याचं कौतुक आहेच, पण आपल्या मातीचं काय?

---

सोलापूरचा_पंपवाला

राग कसला, अगदी रास्त प्रश्न आहे. मलाही तो रात्री पडतो.

मी राहतो इथे. माझ्या मुलीचा जन्म इथला, ती मराठीइतकीच स्वाहिली बोलते. या देशाच्या पाण्यावर माझा संसार चालतो. मकुएनी माझ्या घरापासून अडीच तासांवर आहे, बीड दोन विमानांवर. महिन्याला एकदा जाणं जमतं म्हणूनच त्या कामाला काही अर्थ आहे. वर्षातून एकदा सुट्टीत येऊन बीडला मी पंप दुरुस्त केला तर वर जी चूक लिहिली तीच पुन्हा करेन.

दुसरं कारण जुनं आहे. १८९६ ते १९०१ मध्ये मोम्बासापासून रेल्वे टाकली गेली तेव्हा हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर आणले होते. मग दुकानदार आले. शंभर-सव्वाशे वर्षं झाली, पण खेड्यातल्या माणसाला भारतीय भेटतो तो गल्ल्यापलीकडेच. याच रेल्वेवर माकिंदूला शिखांचा गुरुद्वारा आहे, १९२६ चा. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही, कुठल्याही रंगाच्या माणसाला जेवण मिळतं. आम्ही शनिवारी सकाळी तिथे चहा घेऊन पुढे जातो. कांबा म्हाताऱ्यांना तो गुरुद्वारा आपला वाटतो. असं आणखी काहीतरी असावं, एवढीच इच्छा.

---

कंपाला_डायरी (कंपाला)

मी युगांडात नऊ वर्षं आहे. तुमच्या मार्क टूला इथे यू-टू म्हणतात. त्याबद्दल एक धोक्याची सूचना, कारण नवीन स्वयंसेवक इथेच फसतात.

एका गावात आम्ही गेलो तर पंप उत्तम चालत होता, पाणी भरपूर, आणि तरी बायका ओढ्याचं पाणी भरत होत्या. आमच्यातल्या एकाने लगेच स्वच्छतेवर व्याख्यान सुरू केलं. एक म्हातारी उठली, घरातून किटली घेऊन आली आणि पंपाच्या पाण्याचा चहा करून आमच्यासमोर ठेवला. निळसर काळा. वर तवंग. कपडे त्या पाण्यात धुतले की तांबडे डाग पडतात आणि शिजवलेल्या अन्नाचा रंग बदलतो. त्या बायका अडाणी नव्हत्या, पाणीच लोखंडाचं होतं.

इथलं भूजल बऱ्याच ठिकाणी आम्लधर्मी आहे. जस्ताचा मुलामा दिलेले पाइप आणि सळ्या ते खाऊन टाकतं. पंप नवा असताना पाणी चांगलं असतं, वर्ष-दोन वर्षांत लाल व्हायला लागतं. वरून कितीही दुरुस्ती केली तरी उपयोग नाही, पाइपच स्टेनलेस स्टीलचे किंवा प्लास्टिकचे हवेत. म्हणून आता आम्ही जाताना पहिल्यांदा पाण्याची आम्लता तपासायच्या पट्ट्या नेतो. स्वस्त आहेत, दहा मिनिटांत कळतं.

सुट्या भागांबद्दल: युगांडात जिल्ह्याजिल्ह्यांत हातपंप मिस्त्रींच्या संघटना आहेत. स्थानिक फुंडींनी, म्हणजे मिस्त्रींनी, एकत्र येऊन केलेल्या. आम्ही स्वतः काही वाटायचं बंद केलं आणि त्या संघटनेच्या मिस्त्रींबरोबर फिरायला लागलो. बाहेरचा माणूस फुकट दुरुस्ती करून गेला की त्या मिस्त्रीची वर्षभराची रोजी बुडते, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

---

सोलापूरचा_पंपवाला

हा शेवटचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आमच्या भागात सायकलवर फिरणारा एक फुंडी आहे. मी जायला लागल्यापासून तो तिकडे फिरकत नाही असं एकदा ऐकलं होतं, पण कारण विचारलं नाही. या शनिवारी त्याच्या घरी जातो.

---

निवृत्त_पाटबंधारे (नागपूर)

मी पाटबंधारे खात्यात ३२ वर्षं काढली, शेवटची काही चंद्रपूर-गडचिरोलीत. वाळूच्या बंधाऱ्यांबद्दल वाचलंय, पाहिलेले नाहीत. तुम्ही काय पाहिलंत ते सविस्तर लिहा. मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: पाया कशावर, भिंतीची टोकं काठात किती आत, आणि गाळ कसा टाळतात.

---

सोलापूरचा_पंपवाला

काका, तुम्ही बरोबर तिथेच बोट ठेवलंत. मला समजलंय तेवढं लिहितो, चुकलं तर सांगा.

उकांबानीतल्या नद्या वर्षातले थोडेच दिवस वाहतात. बाकी वेळ नुसती वाळू. त्या पात्रात खडक वर आलेला असेल तिथे आडवी दगडी किंवा काँक्रीटची भिंत घालतात, माणसाच्या उंचीची किंवा थोडी जास्त. पूर येतो, वाळू घेऊन येतो. जाड वाळू भिंतीमागे बसते, बारीक गाळ वरून पाण्याबरोबर निघून जातो. एक-दोन पावसाळ्यांत बंधारा वाळूने काठोकाठ भरतो. आपल्या डोळ्यांना वाटतं बंधारा फुकट गेला, भरला. खरं काम तिथून सुरू होतं. त्या वाळूच्या घनफळाचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा पाणी असतं. दोन फुटांखालचं पाणी ऊन फारसं खेचू शकत नाही. डास होत नाहीत, गुरं त्यात उतरत नाहीत, आणि वाळूच गाळणीचं काम करते. काठावर उथळ विहीर खणून हातपंप बसवला की झालं. आजूबाजूच्या विहिरींचंही पाणी वर येतं.

पाया शक्यतो उघड्या सलग खडकावर. जिथे खडक नाही तिथे पाणी खालून निघून जातं आणि सगळी मेहनत वाया. गाळ टाळायला भिंत एकदम पूर्ण उंचीची न करता टप्प्याटप्प्याने वाढवणं चांगलं असं जुने लोक सांगतात. एकदम उंच केली की पाणी मागे थबकतं आणि बारीक माती आत बसते. मातीने भरलेला बंधारा म्हणजे चिखलाचं ताट, त्यातून पाणी सुटतच नाही.

टोकांबद्दल जे पाहिलं ते अजून विसरलो नाही. एका संस्थेने बांधलेला बंधारा आहे. भिंत आजही ठणठणीत उभी आहे, एकही तडा नाही, पण नदी तिला वळसा घालून डाव्या काठाने गेलीय. आमचा दुबईहून आलेला सहकारी त्याच भागातला. त्याच्या मामाने मला तिथे नेऊन दाखवलं. मोठ्या पुरात नदी डावीकडे चढते हे त्या म्हाताऱ्याला माहीत होतं, त्याच्या वडिलांचं मक्याचं शेत तिथूनच वाहून गेलं होतं. आखणी झाली तेव्हा तो तिथे उभा होता. त्याला कुणी विचारलं नाही आणि पाहुण्यांपुढे तो बोलला नाही.

आता आम्ही भिंतीची जागा ठरवण्याआधी गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या तीन माणसांबरोबर अख्खा दिवस पात्रातून चालतो. हे त्या सहकाऱ्यामुळेच जमतं. मी विचारलं तर लोक मला आवडेल असं उत्तर देतात. तो किकांबा बोलतो, कुणाचं घराणं कुठल्या झिऱ्यावर पाणी भरतं हे त्याला ठाऊक आहे, आणि दुबईत राहून आल्यामुळे पाइप-व्हॉल्व्हची भाषाही येते. तो म्हणतो, "तिकडे मी आठ वर्षं दुसऱ्यांच्या खोल्या थंड केल्या, माझी आई इथे नदी उकरत होती."

बांधकामाचे कष्ट गावाचेच. दगड वाहणं, वाळू, पाणी सगळं ‘म्वेथ्या’ने होतं. म्वेथ्या म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या कामाला जाणारा गट. आपली इर्जिक आठवा, अगदी तीच. अमक्याच्या शेतात आज, तमक्याच्या उद्या, आणि मध्ये गाणी. मी सोलापूरला इर्जिक फक्त आजोबांच्या तोंडून ऐकली होती. डोळ्यांनी पाहिली ती किटुईत.

---

निवृत्त_पाटबंधारे

फार छान लिहिलंत. दोन मुद्दे जोडतो.

एक, हे तंत्र कुठेही चालेल असं समजून कुणी उचलू नका. तुमच्याकडे नाइस आणि ग्रॅनाइटसारखे कणीदार खडक आहेत, ते झिजून जाड वाळू देतात. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचं झिजून मुख्यतः काळी माती होते. तिथल्या ओढ्यावर अशी भिंत घातली तर चिखलच भरेल. विदर्भाच्या पूर्व टोकाला किंवा सिंधुदुर्गात विचार करता येईल. म्हणजे तुमच्याकडून इकडे शिकण्यासारखं आहे, पण जागा पाहून.

दुसरा, वाळू उपसा. नैरोबीचं बांधकाम तुमच्या भागापासून जवळच. वाळू गेली तर पाणीही गेलं. त्याचं काय करतात?

---

सोलापूरचा_पंपवाला

काका, तोच इथला सगळ्यांत मोठा घाव आहे. रात्री ट्रक येतात. मकुएनी काउंटीने २०१५ मध्ये वाळू जपण्याचा कायदा केला, परवानगीशिवाय उपसा आणि वाहतूक बंद. कायद्याने फरक पडला आहे, पण राखण गावालाच करावी लागते. जिथे बंधाऱ्याचं पाणी खरंच घरापर्यंत पोचलंय तिथले लोक ट्रक अडवतात. जिथे पोचलं नाही तिथे वाळू म्हणजे रोख पैसा. त्यांना दोष देववत नाही.

बंधाऱ्याला जलसंपदा प्राधिकरणाची परवानगी लागते, हेही नव्याने काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवा. उत्साहात भिंत घालून मोकळं होऊ नका, खालच्या गावांचाही त्या पाण्यावर हक्क आहे.

---

अरुषाची_वऱ्हाडीण (अरुषा, टांझानिया)

पंपवाले दादा, तुरीचं मी सांगते! मी अकोल्याची, अन्नतंत्रज्ञान शिकलेली, लग्नानंतर इकडे आले. बाबातीकडच्या बायकांबरोबर दोन वर्षं डाळीचंच काम करतेय.

आधी भाव का पडतो ते. पूर्व आफ्रिकेतली तूर मुख्यतः भारतासाठी पिकते. मुंबईच्या बाजारात ‘अरुषा’ आणि ‘मटवारा’ हे तुरीचे प्रकारच झाले आहेत, ही दोन्ही टांझानियातली गावं आहेत हे आपल्याकडे कित्येकांना माहीत नसेल. २०१५-१६ मध्ये आपल्याकडे डाळ महागली तेव्हा इकडे शेतकऱ्यांनी तूर वाढवली. मग आपल्याकडे बंपर पीक आलं आणि ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तूर आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. इकडे आणि मोझांबिकमध्ये भाव कोसळले. लोकांच्या घरात पोती पडून राहिली, भुंगा लागला. आपल्या विदर्भातही त्या वर्षी शेतकरी खरेदी केंद्रापुढे रांगेत उभा होता. दोन्हीकडचा शेतकरी एकाच दगडाखाली सापडला, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. मला हे लिहितानाही भरून येतं.

तुमच्या बायकांच्या हातात दोन गोष्टी आहेत. पहिली, साठवण. काढणीनंतर तूर लगेच विकावी लागते ती भुंग्याच्या भीतीने. इथे आता तीन पदरी हवाबंद पोती मिळतात: आत प्लास्टिकचे दोन पदर, बाहेर विणलेलं पोतं. तूर खडखडीत वाळवून, दाबून भरून, एकेक पदर वेगळा पिळून बांधायचा. आतला प्राणवायू संपतो, भुंगा मरतो, औषध लागत नाही. दाताखाली दाणा टचकन फुटला पाहिजे, चेपला तर अजून ओला आहे, बांधायचा नाही. मी एका चामात ओली तूर बांधू दिली होती आणि सगळी बुरशी लागून गेली. त्या बाईने मला एक शब्द बोलून दाखवला नाही, पुढच्या वेळी ती आलीच नाही. मी तिच्या घरी जाऊन माझ्याकडची तूर देऊन आले. तेव्हापासून दाणा चावून पाहिल्याशिवाय पोतं बांधू देत नाही.

दुसरी, डाळ. तिकडच्या लोकांना तूर अख्खी शिजवून मक्याबरोबर खायची सवय. डाळ हा त्यांच्या लेखी ‘वाहिंदी’, म्हणजे भारतीय लोकांचा, दुकानातला पदार्थ. पण शहरात डाळ विकली जाते आणि अख्ख्या तुरीपेक्षा महाग जाते. माझ्या अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मिनी डाळ मिल बनवली आहे, ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’ म्हणूनच ओळखतात. विदर्भातल्या कितीतरी बचत गटांकडे आहे. तिच्यासारखं यंत्र तुमच्या चामाला झेपेल.

पण आधी यंत्र आणू नका. आधी जात्यावर करून दाखवा. तूर हलकी भरडून टरफलाला चरा पाडायचा, तेलाचा हात लावायचा, रात्रभर झाकून ठेवायची, पाण्याचा हात देऊन दोन दिवस उन्हात वाळवायची, मग भरडायची. टरफल साधारण १२ ते १५ टक्के असतं, पण घरी नीट जमलं नाही तर चुरा जास्त होतो आणि डाळ कमी हाती लागते. चुऱ्याचं काय करायचं हे आधीच ठरवा. आमच्याकडे चुरी-टरफल शेळ्या-गाईंना जातं, त्याचेही पैसे होतात. पाच किलोवर हात बसला, शहरात विकून पाहिली, पैसे दिसले, की यंत्राचं त्या स्वतःच विचारतील.

---

ल्योनची_खिडकी (ल्योन, फ्रान्स)

वरचा दुबईच्या तरुणाचा किस्सा वाचून सोमांकिदी कुरा आठवलं. मालीमध्ये कायस शहराजवळ, सेनेगल नदीच्या काठी आहे. १९७० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतले हजारो मजूर फ्रान्समध्ये कारखान्यांत राबत होते, कामगारांच्या वसतिगृहांत राहत होते. गावाकडे साहेलचा (सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा पट्टा) भीषण दुष्काळ पडला आणि नुसते पैसे पाठवून भागेना. त्यांच्यातल्या काही जणांनी १९७६ मध्ये फ्रान्समधल्या शेतकऱ्यांकडे राहून शेती शिकून घेतली आणि १९७७ मध्ये चौदा जणांनी नदीकाठी सहकारी शेती सुरू केली. पंपाने पाणी उपसून भाजीपाला, कांदा, केळी. त्यांच्यातल्या बुबा तुरे यांनी वर्षानुवर्षं त्याची छायाचित्रं काढून ठेवली. ते २०२२ मध्ये गेले.

ही माणसं परदेशात शिकलेलं कसब घेऊन आली, पण दोन आठवड्यांसाठी नाही, राहायला. मला वाटतं आपण बाहेरच्यांनी अशा परतणाऱ्यांच्या मागे उभं राहावं. पंपवाले, तुमच्या गटात तो तरुण मदतनीस आहे की प्रमुख?

---

आम्सटरडॅमकर

माझ्या रुग्णालयातले घानाचे एक सहकारी दरवर्षी सुट्टी घेऊन कुमासीला शिकवायला जायचे. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेचा प्रकल्प होता, २००५ ते २०१२, नेदरलँड्समधल्या घानाच्या डॉक्टर-नर्सना थोड्या काळासाठी तिकडच्या रुग्णालयांत पाठवण्याचा. ते नेहमी सांगत, पहिल्या खेपेला लोक तुला पाहुणा म्हणून ऐकतात, तिसऱ्या खेपेला भांडतात, आणि काम तिथून सुरू होतं. बाकी मोठ्या मंडळींनी लिहिलंच आहे.

---

सोलापूरचा_पंपवाला (तीन आठवड्यांनंतर)

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, कारण दोनदा जाऊन आलो.

आधी फुंडीबद्दल. त्याच्या घरी गेलो. तो मला पाहून उठलाच नाही. आमच्या सहकाऱ्याने त्याच्याशी तासभर किकांबात बोलणं केलं, मी गप्प बसून होतो. निघताना त्याने त्याची पेटी दाखवली. त्यात तळाचा व्हॉल्व्ह ओढायचा आकडा होता, लोखंडी सळई तापवून स्वतः वाकवलेला, माझ्या विकतच्यापेक्षा चांगला. आता असं ठरलंय: दर महिन्याची देखभाल चामातल्या बायका करतील, अवघड काम फुंडी करेल आणि त्याचे पैसे चामा एम्पेसावर (मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय) देईल. सुटे भाग मुख्य रस्त्यावरच्या एका किराणा दुकानात ठेवले आहेत, दोन संच. विकला गेला की दुकानदार नैरोबीहून नवीन मागवतो आणि त्याचं कमिशन ठेवतो. दुकानदाराला फायदा दिसतोय म्हणून मला यात जीव वाटतो.

आम्लतेच्या पट्ट्या नेल्या होत्या. आमच्याकडचं पाणी खारट आहे पण आम्ल नाही. कंपालाकर, तुमच्यामुळे एक काळजी मिटली.

ल्योनकर, तुमचा प्रश्न मी गटापुढे जसाच्या तसा वाचून दाखवला. तो मदतनीस होता, हे खरं. या महिन्यापासून कुठल्या गावात जायचं, कधी जायचं हे तो ठरवतो. गाडी मी चालवतो.

आणि वऱ्हाडीण ताई, जातं! इथे जुन्या घरांत ज्वारी-बाजरी दळायचा पाटा असतो, फिरतं जातं मिळेना. शेवटी माकिंदूच्या पुढच्या एका वेल्डरकडून दोन दगडांचं बनवून घेतलं. पहिल्या खेपेला निम्म्या तुरीचा चुरा झाला. दुसऱ्या खेपेला मी तुमच्या सांगण्याप्रमाणे तेलाचा हात लावून रात्रभर ठेवायला सांगितली. तेल लावणं सगळ्यांना उधळपट्टी वाटली, त्यावर वाद झाला. मग एकीने तेलाशिवाय, नुसती भिजवून वाळवलेली वेगळी ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही शेजारी शेजारी भरडून पाहिल्या. तेलाची जिंकली. साडेतीन किलोपैकी दोन किलोच्या वर अख्ख्या पाकळीची डाळ निघाली. त्यातली थोडी त्यांनी तिथेच टोमॅटो-कांदा घालून शिजवली, चपातीबरोबर खाल्ली. मी माझ्या डब्यातली आमटी दिली तर एकीने चव घेऊन सांगितलं, गूळ कशाला घातलाय.

आता अडचण अशी आहे की इकडची तूर पांढरी, मोठ्या दाण्याची. दगडांमधलं अंतर आपल्या तुरीच्या हिशोबाने ठेवलं तर दाणा फुटतो, वाढवलं तर काही दाणे कोरेच बाहेर पडतात. आधी चाळून लहान-मोठा दाणा वेगळा करावा का? चाळणी किती मिलिमीटरची घेऊ? येत्या शनिवारी सकाळी सहाला निघतोय. शुक्रवारपर्यंत कळलं तर औद्योगिक वसाहतीतून चाळणी घेऊनच जाईन.

---

अरुषाची_वऱ्हाडीण

दादा, चाळायचीच. आधी दोन वेगवेगळ्या चाळण्या घेऊन पाहा, एक पाच आणि एक सहा मिलिमीटरची, गोल भोकांची. कुठलीवर तुमची तूर साधारण अर्धी-अर्धी होते ते बघा आणि मला फोटो पाठवा. आणि शनिवारी दुपारी व्हिडिओ कॉल लावा, मला त्या तेलावर वाद घालणाऱ्या बाईशी बोलायचंय.